रिकाम्या गाडीचं वजन

शाळेत मला सगळे तोतो म्हणतात. तोतो म्हणजे आई. खरं नाव आसेकेन्ये, पण त्या नावाने फक्त हेडमास्तर हाक मारतात, तीही चिडले की. बावीस वर्षं झाली, प्रयोगशाळेची किल्ली माझ्या कमरेला आहे. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण भौतिकशास्त्राचा कुठलाही प्रयोग सांगा, झोपेतून उठवलंत तरी मांडून दाखवीन. ही फुशारकी मुद्दाम सांगतेय. ती जरा कमी असती तर अमुलेनचं वाटोळं झालं नसतं.

मोठ्या परीक्षेत दर दोन-तीन वर्षांनी गाड्यांचा प्रयोग येतो. हातभर लांब लाकडी गाडी, खाली चार चाकं. ती टेबलावरच्या लांब फळीवर ठेवायची, फळीच्या एका टोकाखाली पाचर सारून फळी जराशी उतरती करायची. तिला दोरा बांधायचा, तो टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडायचा, टोकाला वजन टांगायचं. वजन खाली जातं आणि गाडी ओढली जाते. ओढणारं वजन तेच ठेवायचं, गाडीवर मात्र दोनशे-दोनशे ग्रॅम चढवत जायचं. गाडी जितकी जड तितकी ती वेग धरायला कुरकुरते. एक मीटर जायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं, त्यावरून आलेख काढायचा, रेघ ओढायची. ती रेघ मागे वाढवत नेली की रिकाम्या गाडीचं वजन कळतं. तराजूला हात न लावता! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भौतिकशास्त्राच्या एजोकू सरांना म्हटलं होतं, सर, ही तर जादू आहे.

पोरांना त्यात काडीचा रस नाही. ती आकडे शिजवतात. गाडीच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं, एक हजार ग्रॅम. म्हणजे उत्तर हजार यायला हवं. मग त्यावरून उलटा हिशेब करून आकडे भरायचे, दोन-तीन जरा वाकडे ठेवायचे म्हणजे खरे वाटतात. गाडी सोडायची ती नुसती निरीक्षकाला आवाज ऐकू जावा म्हणून. परीक्षा मंडळाच्या पत्रात बजावलेलं असतं की गाडीवरचा आकडा झाकून ठेवा. मी झाकायचे, पण कागद असा चिकटवायचे की फुंकर मारली तरी उडावा. पोरांना तेवढीच मदत, असं वाटायचं मला. कसली मदत अन् कसलं काय!

त्या वर्षी सुट्टीत वाळवी लागली. चौदाही गाड्यांच्या फळ्या आतून पोकळ, बोट लावलं की भुसा. आवारात वादळाने पडलेलं एक जुनं झाड होतं, त्याचं लाकूड काढून ओडेके सुताराने नव्या फळ्या बसवून दिल्या. चाकं जुनीच. गाड्या इतक्या देखण्या झाल्या की मी दोनदा तेल लावून पुसल्या, आणि ब्रश घेऊन चौदाही गाड्यांवर लिहून टाकलं, एक हजार ग्रॅम. पूर्वी तेच होतं ना! तोलून बघाव्यात असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रयोगशाळेचा तराजू दोन वर्षांपूर्वीच स्वयंपाकघरात गेला होता, पोरांचा राजमा तोलायला. तो मागायचा म्हणजे ओक्वी आचाऱ्याशी भांडण. कोण जातंय त्याच्या तोंडाला लागायला, म्हटलं.

अमुलेन तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. उंच, किडकिडीत, आणि प्रश्न विचारून विचारून जीव काढणारी. तिचा बाप ओजिलोंग गावोगावचे हातपंप दुरुस्त करतो. सायकलला पाइप बांधून फिरतो, आणि ही लहानपणी त्या पाइपांवर बसून त्याच्याबरोबर जायची. तिला पाण्याची इंजिनियर व्हायचं होतं. बाप सगळ्या बाजारात सांगत सुटायचा, "मी पाणी वर काढतो, माझी पोर पाणी कुठंय ते सांगेल." पण कंपालाच्या विद्यापीठात सरकारी खर्चाची जागा मिळाली तरच ते जमणार होतं. पदरचं घालून शिकवायची ओजिलोंगची ऐपत नव्हती.

आता एक रीत सांगायला हवी. प्रयोगाच्या परीक्षेदिवशी शाळेच्या शिक्षकाने तोच प्रयोग त्याच गाड्यांवर स्वतः करायचा आणि आपले आकडे एका कागदावर लिहून पोरांच्या उत्तरपत्रिकांसोबत पाकिटात घालायचे. तपासणारा ते आकडे समोर ठेवतो. गाडी कुठल्या शाळेत कशी आहे ते त्याला काय माहीत? शिक्षकाच्या आकड्यांच्या जवळ असेल ते बरोबर, लांब असेल ते चूक. रीत चांगली आहे. फक्त आमचे एजोकू सर तीन शाळांत शिकवतात, आणि परीक्षा तिन्हीकडे एकाच सकाळी. सकाळी सात वाजता मोटारसायकलवरूनच मला म्हणाले, "तोतो, मी पलीकडच्या शाळेत निघालो. कागद तू भर. दर वेळी भरतेस तसा."

"म्हणजे गाडी सोडून भरू?"

"अगं, बावीस वर्षं झाली तुला. हजाराची गाडी आहे, आकडे तुला पाठ आहेत. उगीच कशाला घाम गाळतेस!"

मला केवढं बरं वाटलं त्या बोलण्याने. सातवी शिकलेल्या बाईला सर म्हणतात, आकडे तुला पाठ आहेत. मी स्टोअरमध्ये बसून चहा पीत पीत कागद भरला. हजाराचा. एकही गाडी सोडली नाही.

तिकडे परीक्षा चालू होती. तासाभराने निरीक्षकाने मला बोलावलं, एका मुलीला सामानाची तक्रार आहे म्हणे. बघते तर अमुलेन. घामाघूम झालेली, फळीखालची पाचर सरकवत होती.

"तोतो, ही गाडी जड आहे," ती कुजबुजली.

"जड कशी असेल? काल तर मी तेल घातलंय."

"चाकं नाही म्हणत मी. चार वेळा सोडली. दीड सेकंदात यायला हवी, ही पावणेदोन घेतेय. प्रत्येक वेळी."

"तुला आकडा दिसत नाही का, तिच्यावर काय लिहिलंय? डोळे आहेत ना?" मी दबक्या आवाजात खेकसले. "दीड तास संपत आला. गप लिही!"

तिने लिहिलं नाही. मी दारातून बघत होते. तिने गाडी पुन्हा सोडली, पुन्हा सोडली, दोरा बदलला, कप्पी पुसली. बाकीची पोरं शिजवून मोकळी, खिडकीतून बाहेर बघत बसलेली. घंटा झाली तेव्हा अमुलेनचा शेवटचा प्रश्न कोराच होता.

बाहेर आंब्याखाली पोरांनी तिला घेरलं. "किती आलं गं तुझं?"

"तेराशे तीस."

हसून हसून लोळली मेली. "तेराशे तीस! हिच्या गाडीत वाटेत कोणी बसलं वाटतं!" "अगं, साधं शिजवता येत नाही तुला, नवऱ्याला काय घालशील खायला?" माझ्याकडे बघितलं तिने. मीही हसले होते. ते हसणं अजून मला छळतं.

निकाल मार्चच्या सुरुवातीला लागला. एजोकू सर निकालाचा कागद घेऊन आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "तोतो, हे बघ गं. लेखी पेपरात अमुलेन पहिली, आणि प्रयोगात सगळ्यांच्या खाली. सरकारी जागा थोडक्यात हुकली. असं कसं झालं?"

मला अमुलेनचे शब्द आठवले. पावणेदोन सेकंद, प्रत्येक वेळी. ते गेले तशी मी एक गाडी पदराखाली घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. ओक्वी पोशोचं, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचं पातेलं ढवळत होता. "आता काय, लाकडं शिजवायला आणलीस?" म्हणाला. मी पारड्यातला राजमा पोत्यात ओतला आणि गाडी ठेवली. तेराशे चाळीस. दुसरी आणली, तेराशे पस्तीस. तिसरी, तेराशे चाळीस. चुलीच्या धुराने डोळ्यांत पाणी आलंय असं ओक्वीला वाटलं, त्याने मला उठून जागा दिली.

त्या पोरीने नुसत्या दोऱ्याने आणि घड्याळाने दहा ग्रॅमच्या आत गाडी तोलली होती. बावीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते. आणि मी तिला म्हटलं होतं, डोळे आहेत ना?

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले, मग उठून दार लावलं. "तोतो, हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलूही नकोस. आपण मंडळाला काय सांगणार? की मी इथे नव्हतो आणि आकडे तू भरलेस, तेही गाडी न सोडता? परीक्षेचं केंद्र जाईल. माझी नोकरी जाईल, तुझी तर त्याच्याआधी. पोरगी हुशार आहे, पुन्हा बसेल. तू गाड्या नीट कर म्हणजे झालं."

मी मान डोलावली. मला नोकरी गमवायची नव्हती, हे त्याचं साधं कारण. दोन नातवंडं माझ्याच पगारावर जेवतात. पण ते कारण तेवढंच नव्हतं. तोतोला सगळं येतं असं जे सगळे म्हणतात ना, ते मला गमवायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये ओजिलोंग आला. सायकल भिंतीला लावली, टोपी हातात घेतली. मोठ्या शिक्षकांकडे जायची त्याला भीड, म्हणून माझ्याकडे.

"तोतो, तू तिथे होतीस. माझी पोर कुठे चुकली?"

मी काचेच्या नळ्या पुसत होते. त्या पुसतच राहिले. "घाई केली असेल," मी म्हटलं.

"घाई? अमुलेनने?" तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "ती म्हणते, मी बघितलं तेच लिहिलं. बाकीच्या पोरांनी गाडी बघितलीसुद्धा नाही आणि ती पास झाली. मी म्हटलं, मग तू पण त्यांच्यासारखं कर बाई, शहाणपण कशाला? एकदा आणखी बसवतो तिला. पुढच्या वर्षी धाकटा मोठ्या शाळेत जाईल, मग दोघांचं नाही जमायचं मला."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तो समोर उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याची पोर बरोबर होती एवढंच सांगायचं होतं, चार शब्द. मी म्हटलं, "तिला सांग, मन लावून कर." तो म्हणाला, "देव तुझं भलं करो, तोतो," आणि गेला.

अमुलेन तीस किलोमीटरवरच्या एका गावात लहान मुलांना शिकवायला लागली होती, संध्याकाळी स्वतःचा अभ्यास. आमच्याकडे ती परीक्षेलाच येणार होती. मी मनाशी ठरवून टाकलं की तिला काही सांगायची गरजच पडू नये. गाड्यांवरचा आकडा खरवडून काढला, वर काळा रंग दिला. वर्गातल्या बारा पोरांना दर शुक्रवारी धरून बसवलं. "गाडी सोडा, वेळ बघा, मग लिहा. कुणी शिजवलं तर कान उपटीन!" पोरं वैतागली. "तोतो, गाडी तर हजाराचीच ना? सगळ्यांना माहीत आहे." मी म्हणायचे, "तुला माहीत आहे तर तू मंडळात जाऊन बस. इथे गाडी सोड." एजोकू सरांनाही मी बजावलं की यंदा आकडे मी मोजून भरणार. ते हसले, म्हणाले, "भर बाई, तुझं मन शांत होऊ दे."

यंदा गाड्यांचाच प्रयोग येईल की नाही, कुणाला माहीत? पण पत्र आलं आणि गाड्याच आल्या. मी हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर येऊन चक्क नाचले. मला वाटलं, देवाने माझ्यावर कृपा केली. गाड्या खऱ्या, कागद खरा, आणि त्या पोरीचे डोळे तर कधीच खोटं बघत नाहीत. आपोआप सगळं सरळ होईल आणि कुणाला कळायचंही नाही. काय मूर्ख बाई मी!

परीक्षेच्या सकाळी मी बाजूच्या खोलीत एक गाडी मांडली आणि नऊ वेळा सोडली. प्रत्येक आकडा तीनदा लिहिला. उत्तर आलं तेराशे पन्नास. छातीत असं काही भरून आलं की काय सांगू, पहिल्यांदा मी खरोखरचा प्रयोग केला होता. कागद हातात घेऊन मी मोठ्या खोलीच्या दाराशी गेले.

आत बारा टेबलांवर गाड्या धावत होत्या. खडखड, टक, खडखड, टक. पोरं तोंडातल्या तोंडात शिव्या देत मोजत होती. तेराव्या टेबलावर अमुलेन होती. वर्षभरात आणखी वाळली होती, केस बारीक कापले होते. तिची गाडी फळीच्या वरच्या टोकाला होती, आणि दोरा अजून तिच्याभोवती गुंडाळलेलाच होता. अमुलेन लिहीत होती. भराभर, न थांबता, न बघता.

मी पाण्याची बादली बघायच्या निमित्ताने आत गेले आणि तिच्या टेबलाशी वाकले. "गाडी चालते ना नीट?"

"हो तोतो."

"अगं, एकदा सोडून तर बघ."

तिने वर बघितलं आणि हसली. "झालं माझं सगळं."

"अमुलेन, एकदाच सोड."

"ओ बाई!" परगावची निरीक्षक खुर्चीतून उठली. "उमेदवाराशी काय बोलताय? चला बाहेर! पुन्हा आत दिसलात तर लिहून पाठवीन."

मी बाहेर आले. तिथून पुढे घंटा होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते आणि बारा गाड्यांचा आवाज ऐकत होते. तेरावी एकदाही वाजली नाही.

घंटा झाली, पाकीट माझ्यासमोर आलं. एजोकू सर नेहमीप्रमाणे दुसऱ्या शाळेत. माझ्या हातात माझा कागद, तेराशे पन्नासचा. शेजारी कोरा कागदही होता आणि पेनही. हजाराचे आकडे मला खरंच पाठ आहेत, पाच मिनिटांत लिहून झाले असते. मग अमुलेन पास. पण ती बारा पोरं? कान धरून ज्यांना मी खरं मोजायला लावलं, ती सगळी चुकीची ठरली असती, मागच्या वर्षी ही ठरली तशी. मी दोनदा पेन उचललं. दोनदा ठेवलं. शेवटी खरा कागद आत घातला, पाकिटाला डिंक लावला आणि बंद केलं. यंदा माझ्या हाताने मोजलेला खरा आकडाच तिला पाडणार होता.

ती आंब्याखाली माझी वाट बघत होती. "तोतो, या वेळी शिजवलं!" लहान पोरीसारखी हात पकडून सांगायला लागली. "दहा मिनिटांत! बरोब्बर हजार, एकही ठिपका रेघेबाहेर नाही. आकडा पुसलास तू, पण मला माहीत होता ना! मागच्या वेळी तू ओरडलीस तेव्हा फार राग आला होता मला. पण तुझंच बरोबर होतं. मी उगीच स्वतःला शहाणी समजत होते."

आता मात्र मला गप्प बसवेना. "अमुलेन, त्या गाड्या तेराशे चाळीसच्या आहेत."

"यंदा बदलल्या?"

"नाही. तेव्हाही तेवढ्याच होत्या. फळ्या नवीन होत्या, जड होत्या, आणि मी न तोलता हजार लिहिलं. शिक्षकाच्या कागदावर पण मीच हजार लिहिलं होतं. तुझं बरोबर होतं पोरी. सगळ्यांत तुझं एकटीचं."

तिने माझा हात सोडला. प्रयोगशाळेच्या खिडकीकडे बघितलं. "आणि यंदाच्या कागदावर?"

"यंदा मोजून लिहिलं. खरं लिहिलं."

"हं," ती म्हणाली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"पापा तुला भेटायला आले होते. एप्रिलमध्ये."

"हो."

मी वाट बघत होते की ती रडेल, ओरडेल, माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने खाली ठेवलेली पट्टी आणि पेन्सिली उचलल्या, एकेक करून डब्यात भरल्या, आणि फाटकाकडे चालायला लागली. फाटकाशी ओजिलोंग सायकल धरून उभा होता, मागे पाइप बांधलेले.

"झालं का गं? कसं गेलं?" तो लांबूनच ओरडला.

"छान गेलं, पापा," अमुलेन म्हणाली. "घाई नाही केली." आणि ती पाइपांवर बसली.

ओजिलोंगने टोपी काढून माझ्याकडे बघून हलवली, मोठ्याने माझे आभार मानले आणि पायडल मारलं.